मास्तरीणबाईंचा उजवा पाय

कुणाचा स्वभाव डोळ्यांत दिसतो, कुणाचा जिभेवर. मास्तरीणबाईंचा सगळा स्वभाव त्यांच्या उजव्या पायात उतरला होता.

गाडी शिकवण्याचा त्यांचा धंदा. शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाखाली असतो तसाच एक ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाखालीही असतो. शिकणारा गांगरला, की शेजारच्यानं तो दाबायचा आणि दोघांनी जिवंत घरी जायचं. बाईंनी तो इतकी वर्षं दाबला होता, की पायाला वेगळं सांगावं लागत नसे. डोक्याला कळायच्या आधी त्याला कळायचं. फक्त आपण गाडीत आहोत की घरात, एवढंच त्या पायाला कळेनासं झालं होतं. नवऱ्याच्या हातून कप निसटतोय असं वाटलं, की बाईंचा पाय धाडकन फरशीवर. टीव्हीवर कुणी घोड्यावरून घसरला, पाय. शेजारणीचं रांगतं पोर पायरीच्या कडेला आलं, पाय. जेवायच्या टेबलाखाली समोर बसणाऱ्या नवऱ्याच्या नडगीवर तर त्या पायानं कायमचं घरच केलं होतं.

नवरा रंगारी. भिंती रंगवून रंगवून भिंतीसारखाच शांत झालेला माणूस. तो म्हणायचा, "लोकांच्या बायका तोंडानं बोलतात. आमच्याकडे लाथेवर भागतं."

"अहो, मी काय मुद्दाम मारते का?"

"मुद्दाम मारली असतीस तर चुकवली असती गं. मुद्दाम मारणाऱ्याचं आधी तोंड बदलतं."

या धंद्यात बाई आल्या त्या मागच्या दारानं. शिकवणीच्या कचेरीत फोन उचलायला आणि चहा करायला त्यांना ठेवलं होतं. शिकवायचे ते मालक, म्हणजे उस्ताद. माणूस हाताचा चांगला, तोंडाचा फाटका. शिकायला आलेली माणसं रडत घरी जायची, काही तर अर्ध्या वाटेत उतरून जायची. एक दिवस उस्तादांच्या कमरेत अशी उसण भरली, की ते खुर्चीतून वाकडे उठले ते वाकडेच राहिले. दारात शिकणारी बाई येऊन उभी. उस्ताद कळवळत म्हणाले, "तुम्ही बसा हिच्या शेजारी. काही शिकवू नका. फक्त मरू नका."

बाई बसल्या. मेल्या नाहीत. उलट ती शिकणारी बाई परत आली ती हसत आली आणि म्हणाली, उद्यापासून मला हीच मास्तरीण पाहिजे. उस्तादांची कंबर पुढं सरळ झाली, पण ती जागा काही त्यांना परत मिळाली नाही.

बाईंची तऱ्हा साधी होती. ओरडायचं नाही. काचेतून समोर बघायचं आणि बोलायचं. गाडी शिकवणारा माणूस शिकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. बघितलं, तर दोघंही खड्ड्यात. आणि कुणी तोंडाकडे बघत नसलं, की माणूस मोकळा होतो. बाईंच्या शेजारी बसून लोकांनी काय काय ओकलं होतं! कुणाला साहेबाची भीती, कुणाला सासूची, कुणाला नुसती संध्याकाळची. एकीनं तर चौथ्या गिअरमध्ये सांगून टाकलं, की नवऱ्यापासून लांब निघून जायला आपण गाडी शिकतोय. बाई समोर बघतच म्हणाल्या, "मग आधी रिव्हर्स नीट घे. दारातून बाहेर कशी पडशील?"

पण हीच बाई चार माणसांसमोर उभी केली, की दातखीळ बसायची. समोरासमोर बोलायची सवयच नव्हती. दुकानात भाव विचारायचा, तरी त्या दुकानदाराच्या शेजारी जाऊन उभ्या राहायच्या आणि दोघं मिळून रस्त्याकडे बघत बोलायचे.

असो. आता लेकीचं सांगतो, कारण गोष्ट तिच्यामुळेच घडली.

लेक दिवसा फोन दुरुस्तीच्या दुकानात बसायची, आणि घरी आली की आवाज गोळा करायची. होय, आवाज. माणसं नाणी गोळा करतात, तिकिटं गोळा करतात. ही फ्रिजच्या पोटात माईक घालून बसायची. नळाची उचकी, दाराची करकर, बापाच्या ब्रशची भिंतीवरची फरफर, सगळं एका पेटीत भरायचं आणि पेटीची बटणं पिळून त्याचं भलतंच काहीतरी करायचं. घरभर वायरी, घेवड्याचे वेल पसरावेत तशा. बापाला भारी कौतुक. "माझा ब्रश आतून असा गातो हे मला ठाऊकच नव्हतं," म्हणायचा. बाई म्हणायच्या, "माझ्या गाडीतून असा आवाज आला असता, तर मी तिला तडक मेकॅनिककडे नेली असती."

म्हणून मायलेकींचं वाकडं होतं असं नाही. फक्त एकमेकींचा धंदा दोघींनाही कळत नव्हता. लेकीला गाडी शिकवायचा बेत एकदा झाला होता. एक रस्ता संपायच्या आत दोघी उतरल्या, आणि एक डाव्या कडेनं, एक उजव्या कडेनं चालत घरी आल्या. लेक म्हणाली, "ती मला चालवूच देत नाही, नुसती थांबवते." बाई म्हणाल्या, "ती थांबतच नाही, मग काय करू?" रंगाऱ्यानं दोघींना चहा दिला आणि स्वतःची नडगी टेबलाबाहेर काढून बसला.

तर या लेकीचं एक टोळकं होतं. टोळक्याचा म्होरक्या एक दाढीवाला. कधीकाळी लाकूडसामानाचं गोदाम होतं, ते आता बंद पडलेलं. तिथं हे लोक अधूनमधून संध्याकाळी जमायचे. नाव ठेवलं होतं 'सरमिसळ'. आधी कुणीही उठून आपल्याला जे येतं त्यावर बोलायचं, मग वायरीवाल्यांनी आपापले आवाज काढायचे. ऐकणारे कधी सांगणाऱ्यांपेक्षा कमी असायचे, पण हौस दांडगी.

या खेपेला मात्र गोष्ट हौसेची नव्हती. एक पाहुणी येणार होती. आखूड पांढऱ्या केसांची, कमी बोलणारी बाई. तिचा आवाजवाल्यांचा फिरता ताफा होता. मोठ्या गाडीत सामान टाकून वर्षभर या शहरातून त्या शहरात. ताफ्यातली एक जागा रिकामी झाली होती. लेकीनं पाठवलेले आवाजांचे तुकडे पाहुणीनं ऐकले आणि निरोप दिला, की तुकड्यांवरून मी माणूस निवडत नाही. एक काम डोक्यापासून शेपटीपर्यंत, न मोडता, लोकांसमोर करून दाखव. मग हो की नाही ते सांगते.

तेव्हापासून लेकीचं जेवणात लक्ष नाही, झोपेत लक्ष नाही. घास तोंडाऐवजी कानात घालायची बाकी राहिली होती. तिच्या त्या कामाचं नावच तिनं 'न थांबता' असं ठेवलं.

आणि बाईंची दोन्हीकडून अडचण. निवडली, तर पोर वर्षभर जाणार. नाही निवडली, तर पोरीचं तोंड वर्षभर बघवणार नाही. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. फक्त एकदा भांडी पुसता पुसता नवऱ्याला म्हणाल्या, "त्या पाहुणीच्या गाडीचा वाटेत पट्टा तुटला तर?"

"कुठला पट्टा?"

"कुठलाही. पट्टे तुटतात."

रंगाऱ्यानं बायकोकडे बघितलं आणि पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं.

कार्यक्रम तोंडावर आला आणि बोलणाऱ्यांतला एक गळाला. मधमाश्यांवर बोलणार होता. मधमाश्यांनीच त्याला आडवा केला. ओठ एवढा सुजला, की बोलायचं सोडा, पाणी पिणं मुश्किल. त्याच्या बोलण्यानंतर लगेच लेकीचं काम होतं. दाढीवाल्यानं डोकं धरलं. लेक घरी आली, आईच्या शेजारी येऊन बसली, शेजारीच बरं का, समोर नाही, आणि म्हणाली, "आई, तू बोल."

"कशावर?"

"भीतीवर. तुझ्याइतकी घाबरलेली माणसं कुणी बघितलीत?"

"समोर माणसं असणार?"

"व्याख्यान आहे, आई. मागं कशी असतील?"

"मग नको बाई. माझी बोबडी वळते."

लेक हटली नाही. मग तिनंच तोड काढली. चौथऱ्यावर दोन खुर्च्या शेजारीशेजारी मांडायच्या, गाडीतल्यासारख्या. डावीकडे आई, उजवीकडे ती स्वतः, पुढ्यात तिची पेटी. दिवा असा लावायचा, की डोळ्यांवर समोरून येणाऱ्या गाडीसारखा उजेड येईल आणि पलीकडचं एकही तोंड दिसणार नाही. नुसता अंधारातला रस्ता. तू आपली समोर बघ आणि माझ्याशी बोल.

बोलता बोलता तिच्या डोळ्यांत चमक आली. "आणि आई, तू बोलशील ते मी पेटीत घेत राहीन. तुझं संपलं, की तुझ्याच आवाजातून माझं सुरू होईल. मध्ये खंड नाही. तू फक्त बसून राहायचं. गळ्यातला माईक चालू राहील. तुझा श्वास, खाकरणं, जे येईल ते मी घेत जाईन."

"म्हणजे मी काही न करता बसायचं?"

"काहीच न करता."

"आयुष्यात जमलं नाही ते," रंगारी कडेनं पुटपुटला.

आता यातली गोम ऐका. लेक हातानं बटणं पिळायची आणि पायानं पेडलं दाबायची. जमिनीवर पेडलांची एक रांगच मांडलेली. त्यातलं एक लाल. ते दाबलं, की सगळं गप्प. काही बिघडलं, शिट्टी उठली, तर हाताशी असावं म्हणून ठेवलेलं. आपला पाय चुकूनही त्यावर पडू नये म्हणून पोरीनं शहाणपण केलं: लाल पेडल रांगेच्या अगदी डाव्या टोकाला सरकवलं आणि चिकटपट्टीनं जमिनीला घट्ट चिकटवून टाकलं. आणि डाव्या टोकाला काय होतं? बाईंचा उजवा पाय. तालमीला बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बरं वाटतंय इथं. पाय कसा जागच्या जागी आल्यासारखा वाटतोय." दोघींपैकी एकीलाही त्यात काही खटकलं नाही.

तालीम तरी कसली, वायरीच जुळेनात. आईच्या आवाजाच्या जागी लेकीनं "हॅलो हॅलो" करून घेतलं, आणि पुढचं उद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलतं झालं तशी माणसं आली. गोदामात अजून भुशाचा आणि पॉलिशचा वास. न खपलेल्या खुर्च्या होत्या, त्यांत एकीला एक जुळत नव्हती. उशिरा आलेले लोक आडव्या पाडलेल्या कपाटावर बसले. पाहुणी मधोमध एका आरामखुर्चीत, मांडीवर वही नाही, काही नाही, नुसते हात. रंगारी मागं भिंतीला टेकून. भिंत दिसली की त्याला घरच्यासारखं वाटायचं. भिंतीवरून हात फिरवून तो शेजाऱ्याला म्हणाला, "अस्तर न देता रंग मारलाय."

पहिला बोलला तो लिफ्ट दुरुस्त करणारा. लिफ्ट अडकली, की आतली माणसं काय करतात, त्यावर. आधी सगळे मिळून एकच बटण दाबतात, मग एकमेकांच्या वजनाकडे बघतात, आणि मग जेवणाचं बोलायला लागतात, असं त्याचं म्हणणं. "दार उघडलं, की एकमेकांशी जन्मात बोलणार नाहीत. पण आत असताना भावाभावांसारखे." मग एक बाग राखणारी बाई गांडुळांवर बोलली. तिची चित्रं पडद्यावर उलटी लागली होती. गांडूळच ते, कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "मघापासून तुम्ही शेपटीला डोकं समजताय, पण हरकत नाही, गांडुळाचीही नसते." चहा झाला, बिस्किटं झाली. आणि दाढीवाल्यानं बाईंचं नाव पुकारलं.

बाई बसल्या. गळ्यात माईक. डोळ्यांवर दिवा. तोंडातून शब्द नाही. कपाटावरचं कुणीतरी खोकलं. लेकीनं हळूच पेटीवर हात ठेवले आणि शिकाऊ माणसाच्या आवाजात विचारलं, "बाई, निघू का?"

"आरसा कोण बघणार? तुझा बाप?"

गोदाम खदखदलं. आणि बाईंची गाडी सुटली ती सुटलीच.

"घाबरणारी माणसं दोन जातींची," त्या अंधाराशी बोलत होत्या. "एक जात चाक घट्ट धरते. इतकं घट्ट, की बोटं पांढरी. तिचं काही बिघडत नाही, नुसते खांदे दुखतात. दुसरी जात चाक सोडून देते आणि तोंडावर हात घेते. ही धोक्याची. आणि त्यातही ज्याचा पाय तसाच रेटलेला राहतो ना, तो तर… मी एका मोठ्या डॉक्टरांना शिकवलं. लोकांची पोटं उघडतात, हात कापत नाही. पण चार रस्ते आले, की डोळे मिटून घ्यायचे. मी म्हटलं, डॉक्टर, पोट उघडताना पण असंच करता का? तर म्हणाले, पोट समोरून अंगावर येत नाही हो."

लोक हसत होते. बाईंना ते पावसासारखं लांबून ऐकू येत होतं. त्या सांगत गेल्या: घाबरलेल्याला धीर देऊन उपयोग नाही, त्याला काम द्यावं. "सावकाश. सावकाश. आता डावीकडे बघ. हं. सावकाश." मधेच गाडी भलत्या गल्लीत शिरली, शेजारी गाडी कशी वाकडी लावतो यावर त्या बराच वेळ बोलल्या. मग दाढीवाल्यानं शिकताना खांबाला गाडी कशी टेकवली आणि खांबाचीच माफी कशी मागितली, तेही निघालं. दाढीवाला कडेला उभ्या उभ्या लाल झाला. व्याख्यानाला शेवट असा आलाच नाही. "हं… आता सावकाश थांब," असं म्हणून बाई आपल्याच गप्प झाल्या.

पण आवाज थांबला नाही. पेटीतून त्यांचाच आवाज निघाला. "सावकाश. सावकाश." एकावर एक. रबर ताणावं तसा तो शब्द ताणला गेला, इतका की त्यात बाई उरल्या नाहीत, नुसती हवा उरली. त्याच्या खालून एक घरघर उठली. खुर्च्यांचे पाय थरथरले. घरघर चढत गेली, भरलेला ट्रक उतारावर लागावा आणि हातात काही राहू नये तशी, जवळ, आणखी जवळ…

धाड!

आणि गोदामात सुतक पडल्यासारखी शांतता.

बाईंचा पाय लाल पेडलावर होता. लोकांना वाटलं, हे असंच असणार. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. फक्त मागं भिंतीशी रंगाऱ्यानं न बघता आपली नडगी चोळली.

"आई!" लेक दातांवर दात ठेवून म्हणाली.

"अगं, गेला आपोआप."

हे सगळं माईकमधून, बरं का. लोक हसले. लेकीनं घाईघाईनं बटणं फिरवली, आवाज पुन्हा उचलला. सावकाश, सावकाश, घरघर, उतार, ट्रक, आणि त्याच जागी पुन्हा धाड!

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाहुणीनं आरामखुर्चीखालून आपली पिशवी ओढली आणि मांडीवर घेतली.

"आई, पाय काढ तो!"

"काढलाय. तो परत जातो."

आता खरं सांगायचं तर पहिल्या खेपेचा गुन्हा पायाचा एकट्याचा. दुसऱ्या खेपेचं मात्र बाई आजही छातीवर हात ठेवून सांगत नाहीत. ती घरघर चढत होती, तेव्हा त्यांच्या मनात एक रिकामी खोली येऊन गेली होती, वायरी गुंडाळून ठेवलेली. पाय आधी गेला की ते मन आधी गेलं, कोण सांगणार. पण लेकीच्या आवाजातलं पाणी ऐकलं, आणि बाईंना आपल्याच पायाची लाज वाटली.

"तू खाली जाऊन बस," लेक कुजबुजली.

"आणि माईक?"

लेकीनं वायरींकडे बघितलं. माईक गेला, तर निम्मं काम गेलं. पेडल उपटायचं, तर सगळ्या वायरी सोडवाव्या लागणार. खुर्ची डावीकडे सरकवावी, तर चौथऱ्याची कड.

"तिला विचार," बाई म्हणाल्या, "पहिल्यापासून घेऊ का म्हणून."

लेकीनं अंधारात विचारलं. पाहुणीचा आवाज आला, ना तिखट ना गोड: "घ्या. पण आता मोडलं, तर मी उठेन."

बाईंनी चपला काढल्या. दोन्ही पाय वर घेतले, त्या कडक खुर्चीत मांडी ठोकली, आणि उजवं पाऊल मांडीखाली सारून त्यावर आपलं सगळं वजन टाकलं. वजन काही कमी नव्हतं.

"घे," त्या म्हणाल्या. "मी बांधून ठेवलाय त्याला."

पुन्हा सावकाश. पुन्हा ते ताणणं, पुन्हा घरघर. उतार जवळ आला तसा मांडीखालचा पाय डालग्याखालच्या कोंबडीसारखा फडफडायला लागला. बाईंनी खुर्चीच्या कडा धरल्या. ट्रक आला, अंगावर आला, आता आदळणार, आणि त्यांच्या तोंडून एक "हं!" सुटला. पेटीनं तो वरच्यावर झेलला आणि लाटेवर लाट यावी तसा परत परत पाठवला. थांबवायला पायाखाली काहीच नव्हतं. तेव्हा बाईंनी जन्मात केलं नव्हतं ते केलं: समोर बघायचं सोडून शिकणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

पोर घाबरलेली नव्हती. जिभेचं टोक दातांत धरलेलं, मान थोडी कललेली. केवढा कल्लोळ उठला होता, कपाटावर बसलेले लोक कपाटासकट हलत होते, आणि हात बघावेत तर किती सावकाश! एक बटण सुतभर इकडे, दुसरं सुतभर तिकडे. घाई नाही, आटापिटा नाही. आपण ज्याला बेफाम म्हणतोय ते हिच्या बोटांत आहे, हे बाईंच्या ध्यानात आलं, आणि खुर्चीच्या कडेवरची त्यांची पकड ढिली पडली.

ट्रक आदळला नाही. वळणावरून वळला, लांब गेला. मागं घरघरीचा धागा राहिला, मग त्या "हं"चा, मग कुणाच्या तरी श्वासाचा. तो बाईंचाच होता. मग तोही विरला. कुणी थांबवलं नव्हतं. संपलं म्हणून थांबलं.

टाळ्या कुठून सुरू झाल्या कळलं नाही. लिफ्टवाला तर उभा राहून "अडकली नाही, अडकली नाही" म्हणून ओरडत होता. लेक आईच्या गळ्यातला माईक काढायला वाकली, आणि तिनं काढता काढता आईच्या खांद्यावर डोकं आपटलं. प्रेमानं की रागानं, ते तिलाच ठाऊक.

बाईंना मात्र उठता येईना. पाय पार बधिर. रंगारी आला आणि खाली बसून पाऊल चोळू लागला.

"कसा आहे?" त्यानं विचारलं.

"झोपलाय."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा." थोडं चोळून तो खालच्या आवाजात म्हणाला, "दुसऱ्यांदा मुद्दाम दाबलंस."

"कोण म्हणतं?"

"तोंड बदललं होतं तुझं."

बाईंनी झोपलेल्याच पायानं त्याला ढकलायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

पाहुणी चहाचा कप घेऊन आली. लेकीला म्हणाली, "पुढच्या आठवड्यात निघतोय आम्ही. येणार असशील, तर ये. बूट दणकट घाल, सामान आपलं आपण उचलावं लागतं." लेकीनं मान हलवली, तोंडातून काही निघेना, गुण आईचाच. मग पाहुणी बाईंकडे वळली. "तुम्ही मात्र येऊ नका."

हशा पिकला. पाहुणीही पहिल्यांदा हसली, आणि बाईंच्या शेजारी टेकून दोघी समोर बघू लागल्या. तिनं विचारलं, "पण तुम्हाला कसं वाटलं?"

"वळण जरा जोरात घेतलं," बाई म्हणाल्या. "पण घेतलं." मग थोडं थांबून, "तुमची ती मोठी गाडी चालवतं कोण?"

पाहुणीनं बोट दाखवलं. दारापाशी एक उंच, किडकिडा माणूस बिस्कीट बुडवत उभा होता.

"शिकला कुठे?"

"आई, आता हे काय!" लेकीला कंठ फुटला.

"तू गप्प बस. तुझं झालं, आता माझं." बाई नवऱ्याच्या खांद्याला धरून उठल्या, लंगडत दाराशी गेल्या आणि त्या उंच माणसाला म्हणाल्या, "भाऊ, ते बिस्कीट संपवा आणि मला एक चक्कर मारून आणा."

माणसानं पाहुणीकडे बघितलं. पाहुणीनं खांदे उडवले. बाहेर अजून थोडा उजेड होता. गाडी गोदामाच्या आवारातून हळूच मागं आली, आरसे बघून, मग रस्त्याला लागली. दारात सगळे कप हातात घेऊन उभे. बाई पुढच्या सीटवर, काचेतून समोर बघत. माणूस शहाणा होता. बोलत नव्हता, गिअर लोण्यासारखा टाकत होता. पहिल्याच कोपऱ्यावर एक सायकलवाला दणकन आडवा आला. माणसानं आपला ब्रेक व्यवस्थित दाबला. पण त्याच्याही आधी शेजारून धाड असा आवाज आला. पाय जागा झाला होता.

माणसानं खाली बघितलं. "बाई, तिकडे ब्रेक नाहीये."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"त्याला ठाऊक नाही अजून. त्याला वेळ लागेल," बाई म्हणाल्या. "तुम्ही घ्या पुढं."